चार भांडी, बारा महिने: बेळगावच्या घरात हंगाम कसा आणायचा

जांबोटीच्या बाजूच्या गावातून मी बेळगावात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हा सगळ्यात जास्त आठवण यायची ती परड्याची. गावाकडे घर सजवावं लागत नसे. आषाढात कौलांवर शेवाळ चढायचं, भाद्रपदात दारात तेरडा उभा असायचा, मार्गशीर्षात सोप्यात भाताच्या लोंब्या टांगलेल्या असायच्या. फ्लॅटमध्ये यातलं काहीच आपोआप येत नाही. म्हणून पहिल्या वर्षी मी दिसेल ते आणत सुटले. बांबूच्या चटया आणि टोपल्या, म्हणजे बुट्ट्या, आणल्या, वाळकी फुलं आणली, मातीच्या कुंड्या आणल्या. श्रावण सरेपर्यंत चटयांना बुरशी लागली, बुट्ट्यांतून पिवळी पूड गळायला लागली आणि दोन कुंड्यांना तडे गेले. त्यानंतरच्या सहा-सात वर्षांत जे जमलं आणि जे फसलं, ते इथे क्रमाने लिहिते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागात नव्याने घर मांडणाऱ्यांना हा लेख उपयोगी पडेल. एक मात्र ध्यानात ठेवा: खानापूरच्या पश्चिमेला पाऊस मुसळधार असतो आणि गोकाककडे जाल तसा तो विरळ होतो, त्यामुळे माझे दिवस तुमच्याकडे आठ-पंधरा दिवस पुढेमागे होतील.

१. आधी चार भांडी घ्या, शोभेच्या वस्तू नकोत

माझा सगळा अनुभव या एका वाक्यात मावतो: घरात कायमची चार भांडी ठेवा आणि त्यांतला माल हंगामाप्रमाणे बदला. वस्तू साठवत गेलात तर दोन वर्षांत घराचा अडगळीचा माळा होतो.

माझी चार भांडी अशी आहेत. एक पसरट मातीची परात किंवा कुंडं, पाणी घालून फुलं-पानं तरंगवायला. एक उभा, अरुंद तोंडाचा मातीचा घडा, फांद्या आणि कणसांसाठी. एक मोठी बांबूची बुट्टी. आणि एक जुना तांब्या किंवा पितळी कळशी, जी बहुतेक घरांत माळ्यावर पडलेलीच असते, ती खाली काढा.

मातीची भांडी खानापुरात घ्या. मलप्रभेच्या काठची तिथली माती कुंभारकामासाठी आणि कौलांसाठी पूर्वीपासून नावाजलेली आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही खानापुरातच आहे. घडा निवडताना डोळ्यांपेक्षा कानावर विश्वास ठेवा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा रंग बघून घडा उचलला होता. कुंभारदादांनी तो माझ्या हातातून घेतला, तळहातावर तोलून धरला आणि बोटाच्या पेराने टिचकी मारली. "वाजवून बघा की वैनी. हा बद्द वाजतोय, ह्यात केस गेलाय." केस म्हणजे केसाएवढी बारीक चीर. दुसरा घडा वाजवला तर देवळातल्या लहान घंटेसारखा टण् आवाज आला. तोच घडा आजही माझ्या दारात आहे.

घरी आणल्यावर भांडं एक दिवस आणि एक रात्र पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. सुरुवातीला बुडबुडे येतील. ते थांबले की मातीने पाणी पिऊन घेतलं असं समजा. काही दिवसांनी बाहेरून पांढरा थर दिसला तर घाबरू नका, ते पाण्यातले क्षार आहेत. ओल्या फडक्याने आणि थोड्या चिंचेच्या कोळाने निघतात.

सोबत लागणारं सामान:
- सुती दोरा, सुतळी, जाड सुई
- खराट्याच्या हिरा म्हणजे काड्या (टाचणीऐवजी)
- धारदार कात्री आणि छोटा कोयता
- जुनी वर्तमानपत्रं, दोन जड पाट
- कडुनिंबाचा वाळलेला पाला, पिशवीभर
- औषधाच्या दुकानातून ग्लिसरीन, बोरिक पावडर आणि बोरॅक्स म्हणजे टाकणखार
- जुन्या सुती साडीचे तुकडे

२. बांबूची बुट्टी आणली की लगेच वापरू नका

बांबूतल्या पिठूळ अंशावर भुंगे जगतात. बुट्टीखाली पिवळी पूड दिसली की आत कीड लागलेली असते, आणि ती शेजारच्या लाकडी फर्निचरकडेही वळू शकते. माझ्या पहिल्या दोन बुट्ट्या अशाच गेल्या. मी बाजारात बसणाऱ्या बुरूड मावशींना दोष द्यायला गेले तर त्यांनी उलट मलाच विचारलं, "आणल्यावर पाण्यात घातलीस काय? आणि उन्हात वाळवलीस का सावलीत?" मी दोन्ही केलं नव्हतं. तशीच कपाटावर चढवली होती.

आता मी असं करते. एक लिटर पाण्यात साधारण २० ग्रॅम बोरिक पावडर आणि ३० ग्रॅम बोरॅक्स कोमट पाण्यात विरघळवते. बुट्टी बुडेल एवढं पाणी टबात घेऊन त्यात दिवसभर ठेवते आणि मग सावलीत चार-पाच दिवस वाळवते. कडक उन्हात घातली तर काड्या तडकतात. हे पाणी मुलांच्या आणि मांजर-कुत्र्यांच्या हाताला लागू देऊ नका. अशा बुट्टीत भाकरी, भाजी किंवा फळं ठेवू नका. ती फक्त सजावटीची. खाण्याच्या बुट्ट्या वेगळ्या ठेवा आणि त्यांना धुरी द्या, जसं आपल्या आज्या करायच्या.

३. आणायचं कुठून, आणि कुठून आणायचं नाही

परडं असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर आठवडी बाजार, गणपत गल्लीतल्या फुलवाल्या मावश्या, ओळखीच्या शेतकऱ्याचा बांध आणि रस्त्याकडेच्या झाडांखालचा पाचोळा. एवढ्यावर वर्ष निघतं. गुलमोहराच्या हातभर लांब चपट्या शेंगा, बहाव्याच्या काळपट नळकांड्यांसारख्या शेंगा, सुरूची बारीक बोंडं, सागाचे वाळलेले फुलोरे: सगळं झाडाखाली पडलेलं मिळतं. कोणाच्या बांधावरून घ्यायचं असेल तर मालकाला विचारून घ्या.

जंगलातून काहीही आणू नका. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यातून परवानगीशिवाय वनोपज बाहेर काढता येत नाही. राखीव जंगलालाही वनखात्याचे नियम लागू आहेत. पावसाळ्यात चोर्ला घाटाच्या रस्त्याला गाड्या थांबवून लोक सोनकी आणि तेरडा मुळासकट उपटतात, झाडावरची आमरी (ऑर्किड) सोलून काढतात. मला ते बघवत नाही. आमरी घरी आणून सहसा जगत नाही, आणि जिथून काढली त्या फांदीवर ती पुन्हा यायला वर्षं लागतात. डोळे भरून बघा, फोटो काढा आणि पुढे जा.

४. विषारी काय ते आधी शिका

ही पायरी वगळू नका. आपल्या भागात सुंदर दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी पोटात गेल्या तर जीवघेण्या आहेत.

गुंज: लाल-काळ्या बिया इतक्या देखण्या की माळा करून टांगाव्याशा वाटतात. फुटलेली किंवा चावलेली एक बीसुद्धा लहान मुलासाठी धोक्याची आहे. मी काचेच्या वाटीत गुंजा भरून टीपॉयवर ठेवल्या होत्या. भाच्याने मूठभर उचलून तोंडाजवळ नेल्या, नशिबाने वेळेवर दिसलं. त्या दिवसापासून माझ्या घरात गुंज नाही.

कळलावी, जिला अग्निशिखा म्हणतात: गौरीच्या दिवसांत बाजारात येते. फूल ज्वाळेसारखं, पण कंद अतिशय विषारी. फूल ठेवायचंच तर उंचावर ठेवा आणि हात धुवा.

पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, तिच्या बिया. काजऱ्याची गोल नारिंगी फळं. रुईचा चीक, जो डोळ्यात गेला तर डोळा सुजतो. या सगळ्यांपासून घरात रांगणारं मूल असेल तर लांबच राहा.

५. मृग ते श्रावण: पाण्याचा हंगाम

पावसाळ्यात वाळकं काहीही टिकत नाही, म्हणून वाळकं सगळं आत टाका आणि हिरवं बाहेर काढा. मातीच्या परातीत पाणी भरा, तळाला नदीचे चार गोटे ठेवा आणि वर अळूची लहान पानं, जास्वंद, गुलबक्षी, जे मिळेल ते तरंगवा. घड्यात नेच्याचे तुरे उभे करा. परड्यातल्या भिंतीवरचा साधा नेचा पाण्यात आठवडाभर ताजा राहतो.

इथे एकच गोष्ट सांभाळा: पाणी. साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि डेंग्यूचा डास मुख्यतः स्वच्छ पाण्यात वाढतो. आठवड्यातून दोनदा पाणी ओता आणि परात आतून घासून काढा. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. हे जमणार नसेल तर पाण्याची सजावट करूच नका.

ज्येष्ठातल्या अमावास्येच्या सुमाराला बाजारात मातीचे बैल येतात. शेजारच्या कानडी घरांत त्या दिवसाला मण्णेत्तिन अमावास्या म्हणतात. कच्च्या मातीची जोडी घ्या, पूजा करा, आठ-दहा दिवस दिवळीत ठेवा आणि मग तुळशीच्या कुंडीत विरघळू द्या. रंगवलेली आणि चकचकीत जोडी घेऊ नका, तो रंग कुंडीत उतरतो.

तेरड्याचं सांगायचं तर, "तेरड्याचा रंग तीन दिवस" ही म्हण अगदी खरी आहे. खुडलेला तेरडा दुपारपर्यंतच मान टाकतो. कुंडीत बी टाकून दारात वाढवला तर महिना-दीड महिना फुलतो. बी मे महिन्याच्या शेवटी टाका.

६. गणपती: माटोळी छोटी बांधा, पण खरी बांधा

गोव्याच्या बाजूला गणपतीच्या डोक्यावर माटोळी, म्हणजे फळं-पानं बांधलेली चौकट, टांगलेली असते. खानापूरच्या पश्चिमेला ज्यांचे पाहुणे घाटाखाली, त्यांच्या घरांतही ती दिसते. थर्माकोलच्या मखरापेक्षा मला ती शंभर पटीने आवडते, कारण त्या आठवड्यात रानात-परड्यात जे पिकलंय ते सगळं एका चौकटीवर दिसतं: नारळांचा घोस, सुपारीचा घड, काकडी, चिबूड, कवंडळाची लाल फळं, आंब्याचे टाळ, केळीचा घड.

फ्लॅटमध्ये बांधायची असेल तर:

चौकट बांबूची करा, साधारण तीन फूट बाय दोन फूट. आडव्या चार पट्ट्या टाका आणि सांधे सुतळीने घट्ट बांधा. मूळ रीत केवणीच्या सालीच्या दोराने बांधायची आहे. गावाकडून दोर मिळाला तर भाग्य समजा, तो ओला बांधला की वाळताना आवळत जातो.

छताला टांगण्याआधी हुक तपासा. माझ्या मोठ्या चुकांपैकी ही एक. पंख्याच्या बाजूच्या सजावटीच्या हुकाला मी चौकट टांगली आणि दुसऱ्या रात्री एक कोपरा सुटला. नारळ मूर्तीपासून वीतभर अंतरावर पडला. तेव्हापासून नारळ मी खालीच मांडते. वर फक्त हलकं: काकडी, सुपारी, कवंडळं, पानं. भिंतीत पक्के हुक नसतील तर दोन उंच स्टूल घेऊन त्यांवर आडवी काठी टाका.

कवंडळ दिसायला माणकासारखं असलं तरी खायचं नाही, हे मुलांना आधीच सांगा. आणि विसर्जनानंतर माटोळी तशीच ठेवू नका. तिसऱ्या दिवशी केळी गळतात, पाचव्या दिवशी चिलटं येतात. खाण्याजोगी फळं वाटून टाका, बाकी खताच्या खड्ड्यात किंवा कुंडीत.

७. तोरण: दसऱ्याला शिका, वर्षभर कामाला येतं

सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात जास्त बिघडवलं जाणारं काम हेच. तीन फुटी दारासाठी साडेचार फूट सुतळी घ्या, म्हणजे मध्ये झोळ आणि बाजूला गाठ मारायला जागा राहते. आंब्याची पानं ना तांबूस कोवळी, ना जून राठ. कोवळी तासाभरात सुकतात आणि जून पानांना काळे डाग असतात. प्रत्येक पान ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसा. देठाकडची बाजू सुतळीवरून मागे दुमडा आणि हिरेचा बोटभर तुकडा दोन्ही थरांतून आरपार टाचा. स्टेपलरच्या पिना मारू नका. त्या गंजतात आणि दाराच्या रंगावर तपकिरी ओघळ सोडतात. तीन पानं, एक झेंडू. तीन पानं, एक झेंडू. झेंडू देठाकडून सुईने ओवा, पाकळ्यांतून ओवलात तर दुसऱ्या दिवशी गळून पडतो.

यात भाताच्या ताज्या लोंब्या मिळाल्या तर मध्ये गुंफा. दसऱ्याच्या सुमाराला आमच्याकडचं हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात पिवळं व्हायला लागलेलं असतं. झेंडू दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी महाग होतो, म्हणून दोन दिवस आधी घ्या. ओल्या फडक्यात सैल गुंडाळून बुट्टीत ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कुजतो.

आपटा म्हणून बाजारात बरेचदा कांचनाच्या डहाळ्या मिळतात. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद असतं. कांचनाचं मोठं आणि पातळ. घरात मांडायला पाच पानं पुरेत, आख्खी फांदी ओरबाडून आणायची काय गरज?

८. दिवाळी ते संक्रांत: वाळवायचा हंगाम

पाऊस गेला, हवा कोरडी झाली की बेळगावच्या थंडीचे दिवस सुरू होतात. वाळवणीचं सगळं काम याच दिवसांत उरकून घ्या. झेंडू, शेवंती, जोंधळ्याची कणसं, गवताचे तुरे: देठ एकत्र बांधून उलटे टांगा, हवेशीर सावलीत, दोन-तीन आठवडे. उन्हात रंग उडतो. पानं वर्तमानपत्रात दाबा, वर जड पाट ठेवा आणि पहिल्या आठवड्यात कागद रोज बदला. कागद बदलायचा कंटाळा केलात तर पानं काळी पडतात.

पान मऊ आणि लवचीक ठेवायचं असेल तर निलगिरीच्या डहाळ्या घ्या. एक वाटी ग्लिसरीन आणि दोन वाट्या गरम पाणी एकत्र करा. देठाचं टोक ठेचून त्यात चार बोटं बुडेल असं उभं ठेवा. दोन-तीन आठवड्यांत पानं तपकिरी-जांभळट होतात आणि वर्षभर चुरत नाहीत.

वेलावर जून झालेला दुधी मिळाला तर देठासकट आणा आणि शिंक्यात टांगून विसरून जा. दोन-तीन महिन्यांत हलका होतो आणि आत बिया खुळखुळतात. मध्ये वरून बुरशीचे डाग पडतील, ते कोरड्या फडक्याने पुसा. मऊ पडला आणि पाणी सुटलं तरच फेका.

आपल्या भागातलं सुवासिक भात, ज्याला सगळे बेळगाव बासमती म्हणतात, काढणीला आलं की ओळखीच्या शेतकऱ्याकडून दोन मुठी लोंब्या मागून घ्या. येळ्ळूर, वडगावकडे विचारलं तर सहज देतात. लोंब्यांची तिपेडी वेणी घाला आणि बाल्कनीत टांगा, घरात नको. घरात टांगली तर महिन्याभरात सोंडे होतात. बाहेर टांगली तर चिमण्या दाणे टिपून नेतात आणि फक्त सोनेरी झुलता सांगाडा उरतो. मला तो दाण्यांसकटच्या वेणीपेक्षा जास्त आवडतो.

संक्रांतीला उसाची दोन कांडी, हरभऱ्याचे डहाळे आणि बोरं त्याच बुट्टीत. भोगीच्या भाजीचं सामान सकाळी बुट्टीत मांडायचं आणि दुपारी शिजवायचं, एवढीच सजावट पुरे.

९. होळीपासून वळवापर्यंत

पळस, पांगारा, सावर पेटलेले असतात तेव्हा एक डहाळी घरात असावीशी वाटते. पण पळसाची फुलं फांदीवर टिकत नाहीत. त्यापेक्षा झाडाखाली पडलेली वेचून पितळी कळशीच्या पाण्यात तरंगवा. दोन दिवसांनी तेच पाणी उकळा, होळीचा केशरी रंग तयार. बहाव्याचंही तेच: घोस तोडून आणलात तर दुसऱ्या दिवशी जमिनीवर पिवळा सडा आणि हातात काड्या.

पाडव्याला कडुनिंब आणि आंब्याचा टाळ. चैत्रगौरीला परातीत कैऱ्या, कलिंगड, मोगरा. उन्हाळ्यात घर थंड दिसायला हवं, म्हणून जाड आणि गडद सगळं काढून टाका. खिडकीला वाळ्याचा पडदा लावून दुपारी पाणी शिंपडलं की गारवा आणि वास दोन्ही येतात. पडदा रोज पूर्ण वाळला पाहिजे. सतत ओला राहिला तर वाळ्याचा वास जातो आणि कुबट वास येतो.

१०. मृगाच्या आधीचा आठवडा

मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागतं. त्याआधी मेच्या शेवटच्या उन्हात हे उरका, कारण पहिला जोराचा वळीव झाला की हवेत ओल येते.

वाळकी फुलं आणि कणसं तपासा. पूड पडत असेल, भोकं दिसत असतील तर लगेच टाका, जीव अडकवू नका. चांगली असतील ती एक दिवस उन्हात द्या, गार होऊ द्या, वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाच्या डब्यात कडुनिंबाच्या पाल्यासह ठेवा. गरम असतानाच डबा लावला तर आत घाम धरतो आणि बुरशी येते. बुट्टी उन्हात नको, वाऱ्यावर द्या. वाळ्याचा पडदा खडखडीत वाळवून जुन्या साडीत गुंडाळा आणि भिंतीला टेकवू नका. पश्चिमेकडच्या भिंती आपल्याकडे ओल धरतात, म्हणून डबे पूर्वेकडच्या खोलीत, जमिनीपासून वीतभर वर ठेवा.

घडा, परात आणि कळशी रिकामी करून घासून दारात पालथी घाला. परातीतले गोटे ब्रशने घासा. आणि तेरड्याचं बी टाकायचं राहिलं असेल तर आजच टाका.